अंगठा देण्याआधी वाचा



पोरांच्या दप्तरातून शाळेचा एक कागद घरी येतो, 'अपार'चे संमतिपत्र. पोराला १२ आकडी नंबर मिळणार, तो आधारला जोडणार, शिक्षणाची सगळी नोंद त्यात साठणार. सही मागतात, कागद वाचून कोणी दाखवत नाही.

आम्ही सांगतो. ही संमती ऐच्छिक आहे. नाही म्हणता येते, दिलेली मागेही घेता येते. सर्वोच्च न्यायालयाचा २६ सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे: शाळाप्रवेशाला आधारची सक्ती नाही, आधार नाही म्हणून लेकराचा योजनेतला लाभ अडवता येत नाही, मुलाच्या आधार नोंदणीला आईबापांची संमती लागते.

गुरुजींवर राग नको. २०११ च्या पटपडताळणीत पटावर खोटी नावे सापडली. पुढे शिक्षकांची पदे आधार जुळलेल्या पटावर मोजायला सुरुवात झाली. म्हणून त्यांना घाई. चोरी पट फुगवणाऱ्यांची, झडती मात्र आमच्या लेकरांची!

कोऱ्या कागदावर अंगठा दिला की काय होते, हे कर्जात पिचलेल्या शेतकऱ्याला शिकवायला नको. सातबाऱ्यावरचा बोजा फेडून उतरवता तरी येतो. लेकराची माहिती एकदा बाहेर गेली की परत आणता येत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीवर तीन चतुर्थांश माणसे पालकांतली असतात. पुढच्या बैठकीला जा. माहिती कोणाकडे जाणार, कशासाठी जाणार, हे लेखी मागा. मगच सही करायची की नाही ते ठरवा.