मुठीतले बेदाणे

आजारी माणसाच्या उशाशी सल्ल्यांची रास जमते, हा अनुभव घरोघरी आहे. मुक्या जनावराच्या बाबतीत ही रास अधिकच उंच होते. ज्याच्याविषयी बोलायचे, त्याला आपले दुखणे सांगता येत नाही. आणि ज्याने त्याला पाळले, तो दोरी हातात धरून भर रस्त्यात उभा असतो. त्याला कोणीही थांबवावे आणि काहीही सांगावे!

सांगलीत कृष्णाकाठी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला हा अनुभव रोज सकाळी येत असे. सारी गल्ली त्यांना आक्का म्हणून ओळखते. त्यांचा मोती हा साधा गावठी कुत्रा, वय 12 वर्षे. मागच्या पायांत संधिवात, शिवाय मूत्रपिंडाचा जुना विकार. त्यामुळे अंगावर मांस धरत नाही, बरगड्या दिसतात आणि चाल मंद झाली आहे. पशुवैद्यांनी त्याचा आहार मोजून दिलेला आहे. औषधांच्या वेळा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहिलेल्या आहेत. रात्री दोनदा उठून आक्का त्याचे पाण्याचे भांडे पाहतात. परंतु घाटाच्या वाटेवर भेटणाऱ्यांना यातले काहीच दिसत नाही. त्यांना दिसतो तो केवळ एक हडकुळा, लंगडणारा कुत्रा आणि त्याला ‘ओढत’ नेणारी एक बाई.

मग सल्ले सुरू होतात. “आक्का, खायला घालत नाही काय याला?” असे एकजण विचारतो. “तुमच्या घरात मांस शिजत नाही, म्हणून वाळलंय ते,” असे दुसरा निदान करतो. “रोज शेरभर दूध पाजा,” हे तिसऱ्याचे सांगणे. “लंगडतंय, तर आपली अंगदुखीची गोळी अर्धी करून द्या,” हा चौथ्याचा उपाय. गोचीड होऊ नये म्हणून लसूण चारायला सांगणाऱ्या बाईंना, ज्या घरात लसूण येतच नाही त्या घरात आपण तो चारायला सांगत आहोत, याची कल्पनाही नसते.

यांतील बहुतेक सल्ले मायेपोटी दिलेले आणि तरीही चुकीचे आहेत. लसूण व कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपाय करतात. माणसाच्या वेदनाशामक गोळ्यांपैकी आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडाला घातक ठरते. वाढ झालेल्या अनेक कुत्र्यांना दूध नीट पचत नाही. शाकाहाराची गोष्ट थोडी निराळी आहे. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहिल्याने कुत्र्याला पिष्टमय अन्न पचवण्याची शक्ती लांडग्यापेक्षा पुष्कळ अधिक मिळाली आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने हे दाखवून दिले. म्हणून शाकाहारी घरात कुत्रा उपाशी मरतो, हा समज खरा नाही. मात्र नुसत्या दूधपोळीवर त्याचे पोषण होते, हाही समज तितकाच खोटा. शाकाहार द्यायचा तर तो पशुवैद्याच्या सल्ल्याने, प्रथिने व इतर घटक तोलूनच द्यावा लागतो. मांजराला तर मांसाहारावाचून निभावणे फारच कठीण.

आक्का हे सारे जाणून होत्या. परंतु चाळीस वर्षे वर्गात बोलून झाल्यावर आता वाटेत कोणाशी वाद घालावा, असे त्यांना वाटत नसे. कोणी काही सांगितले की त्या हसून “हो, बघते” म्हणत आणि पुढे चालू लागत. समोरच्याचा मान राहिला, आपली शांतता राहिली, असे त्यांना वाटे. हा सौजन्याचा मार्ग निर्धोक आहे, अशीच त्यांची समजूत होती.

घाटाच्या पायऱ्यांवर रोज सकाळी एक वृद्ध गृहस्थ येऊन बसत. आयुष्य बेदाण्याच्या व्यापारात गेलेले. स्वभावाने अत्यंत मायाळू. मोतीला पाहून त्यांचा जीव कळवळे. “आक्का, याला काहीतरी शक्तीचं द्यायला पाहिजे,” असे ते चार-पाच वेळा म्हणाले, आणि चार-पाच वेळा आक्कांनी “हो, बघते” असेच उत्तर दिले. या होकाराचा त्यांनी सरळ अर्थ घेतला. चैत्रातल्या एका सकाळी ते खिशात नव्या हंगामाचे बेदाणे घेऊन आले. आक्का ओळखीच्या बाईंशी बोलत असताना त्यांनी भरली मूठ मोतीच्या तोंडापुढे उघडली. आक्कांनी वळून दोरी ओढली, तोवर निम्मी मूठ रिकामी झाली होती.

तासगाव-सांगलीच्या या भागात बेदाणा म्हणजे बाळंतिणीला, लहान मुलाला, आजारातून उठलेल्याला आवर्जून द्यावयाची वस्तू. तीच वस्तू कुत्र्याच्या मूत्रपिंडाला निकामी करू शकते, हे त्या गृहस्थांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. द्राक्षे आणि बेदाणे किती खाल्ल्यास बाधणार नाहीत, असे खात्रीचे प्रमाणही सांगता येत नाही. एखादा कुत्रा बरेच खाऊन सुखरूप राहतो, तर एखाद्याला थोडेही भोवतात. मोतीचे मूत्रपिंड तर आधीच थकलेले. आक्कांनी रिक्षा थांबवली आणि अर्ध्या तासाच्या आत त्या दवाखान्यात पोहोचल्या. पशुवैद्यांनी औषध देऊन उलटी करवली, सलाईन लावले आणि पुढचे तीन दिवस रक्त तपासले. अशा वेळी घरच्या घरी मीठ पाजून उलटी करवण्याचा उपाय लोक सांगतात. तोही धोक्याचाच आहे. वेळ न दवडता जनावराला पशुवैद्याकडे नेणे हेच खरे.

मोती बचावला. आठवड्याने आक्का पुन्हा घाटावर आल्या, तेव्हा ते गृहस्थ उठून उभे राहिले. झाला प्रकार त्यांच्या कानी आला होता. त्यांचे डोळे भरून आले होते. “आक्का, माझ्या हातून असं कसं झालं? पण तुम्ही एकदा जरी सांगितलं असतं…” इतकेच ते बोलू शकले. आक्का निरुत्तर झाल्या. त्या सांगू शकत होत्या, आणि त्यांनी सांगितले नव्हते. स्वतःची शांतता राखण्यासाठी दिलेला तो मोघम होकार मोतीच्या जिवावर बेतला होता.

त्या दिवसापासून आक्कांनी आपले उत्तर बदलले. कोणी काही सुचवले की त्या थांबतात आणि तीनच वाक्ये बोलतात. “याला मूत्रपिंडाचा आजार आहे. डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. कृपा करून त्याला काही खायला घालू नका.” आवाज मृदू, परंतु शब्द स्पष्ट. आपण किती करतो याची जंत्री त्या देत नाहीत. स्वतःच्या चांगुलपणाचा बचाव करीत बसल्याने वाद वाढतो, जनावराचा लाभ होत नाही. तरीही कोणी हट्टाने सांगतच राहिले, तर “येते आता” म्हणून त्या चालू लागतात.

मात्र सगळ्याच सल्ल्यांना एकच उत्तर नसते, हेही त्यांनी ध्यानात ठेवले आहे. एकदा उशीर झाल्याने त्या दहाच्या उन्हात परतत होत्या, तेव्हा दुधाच्या किटल्या नेणारा एक मुलगा सायकल थांबवून म्हणाला, “आक्का, डांबर तापलंय. त्याचे पाय भाजतील.” आक्कांनी वाकून तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवली. पाच सेकंदही ती ठेववेना. त्यांनी मुलाचे आभार मानले, मोतीला झाडांच्या सावलीतून नेले आणि फिरण्याची वेळ सूर्योदयाकडे सरकवली. सांगणारा कोण, त्याचे वय काय, याचा विचार त्यांनी केला नाही; सांगितलेले पडताळून पाहिले. आणि कोणी घाबरून “दोरी आखूड धरा” म्हटले, तर तो सल्ला नसून त्या माणसाचा हक्क आहे, असे त्या मानतात. रेबीजची लस दरवर्षी वेळेवर टोचली असली, तरी भीती वाटणाऱ्याला ते कसे कळावे?

अनोळखी माणसाची करुणा खरी असते, परंतु तिच्या वाट्याला जनावराचे एकच मिनिट आलेले असते. पाळणाऱ्याच्या वाट्याला त्याचे सारे दिवस आणि रात्री असतात. म्हणून स्वतःवर आलेला बोल सोसावा; जनावराच्या हिताची गोष्ट मात्र संकोच न बाळगता सांगावी. आणि आपणच जेव्हा वाटेवरचे अनोळखी असू, तेव्हा सुचवण्याआधी “याला काय झालं आहे?” एवढे विचारावे. मूठ उघडण्यापूर्वी तर अवश्य विचारावे.

ते वृद्ध गृहस्थ आजही पायऱ्यांवर बसतात. मोती आला की त्याच्या मस्तकावरून हात फिरवतात. कोणी पिशवीतून बिस्कीट काढू लागले, की आक्कांच्या आधी तेच म्हणतात, “थांबा, आधी आक्कांना विचारा.”