पटाईताच्याच हातून तलवार का पडावी?

गेल्या दिवाळीत आमच्या माजघरात एक तलवार पडली. खरी नव्हे, कागदावरची. पण ती पडली आणि माझ्या भाच्याचा चेहरा जो उतरला, तो लक्ष्मीपूजनापर्यंत काही उजळला नाही. तेव्हापासून हा विषय माझ्या मनात ठसठसतो आहे.

खेळ होता 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली लोकांपुढे आणला. चारपाच जण वीरांची सोंगे घेतात आणि एकजण कथा सांगतो; किल्ले, दऱ्या, राक्षस सारे त्याच्याच तोंडून उभे राहतात. त्याला म्हणायचे डंजन मास्टर. घाव घालायचा झाला की वीस पैलूंचा फासा टाकायचा, पडलेल्या दानात वीराचे कसब मिळवायचे, आणि बेरीज शत्रूच्या चिलखताच्या आकड्याला पोचली की घाव बसला. वीस पडले तर घाव जबर. एक पडला तर हुकला. येथवर माझी काही तक्रार नाही.

पण हुकणे पुष्कळांना पुरत नाही! एक पडला की वीराच्या हातून तलवार गळालीच पाहिजे, नाहीतर त्याने शेजारच्या सोबत्यालाच भोसकले पाहिजे, असा घरगुती नियम ठिकठिकाणी चालतो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तो नाही, २०२४ च्या सुधारित पुस्तकातही नाही. तिथे एक म्हणजे नुसता हुकलेला घाव. तरी ही मंडळी तो हौसेने पाळतात.

आता जरा हिशेब करू. माझे गणित मॅट्रिकपुरतेच आहे, पण येथे तेवढे पुरते. या खेळात नवखा योद्धा सहा सेकंदांच्या फेरीत एकच घाव घालतो. पाचव्या पायरीवर तो दोन घाव घालू लागतो, अकराव्या पायरीवर तीन, आणि विसाव्या, म्हणजे शेवटच्या पायरीवर चार. प्रत्येक घावाला फासा वेगळा. म्हणजे एका फेरीत तलवार गळण्याची शक्यता नवख्याला शेकडा पाच आणि त्या महावीराला शेकडा अठराहून अधिक! मिनिटभर झुंज चालली तर राज्यातला पहिल्या प्रतीचा तलवारबहाद्दर सरासरीने दोनदा हत्यार टाकणार, आणि काल भरती झालेले पोर दोन मिनिटांत एकदा. ही कसली तालीम? आमच्या शाळेत जो शिक्षक जास्त वह्या तपासतो त्याच्याच जास्त चुका निघतात, तसलाच हा न्याय. (न तपासणाऱ्याची चूक कोण काढणार?)

आणि त्याच वेळी मांत्रिकबुवा काय करतात? अग्निगोल फेकतात आणि स्वस्थ बसतात. त्यासाठी त्यांना हल्ल्याचा फासा टाकावाच लागत नाही. स्वतःला वाचवण्यासाठी फासा टाकायचा तो शत्रूने. मग त्यांची फजिती होणार कशी?

कोणी म्हणेल, अहो, प्रत्यक्ष अर्जुनाच्या हातून गांडीव गळाले होते! गळाले खरे, पण एकही बाण सुटण्याच्या आधी, आणि समोर आप्त उभे पाहून. विसात एकदा गळायचे, असा काही त्याचा नेम नव्हता.

दुसरा बचाव गमतीचा. फजिती झाली की सगळे हसतात, खेळाला रंग चढतो, म्हणतात. हसावे की! पण मग फजितीचा नियम तरी धड करा. १९७८ साली निघालेल्या 'रूनक्वेस्ट' या खेळातही फजिती आहेच. मात्र तिथे कसब वाढत गेले की फजितीची शक्यता घटत जाते. म्हणजे गंमत राखून न्याय करता येतो. आमच्या मंडळींना तेवढाही त्रास नको असतो. एक पडला, तलवार पडली, हशा पिकला, संपले.

भाच्याने वर्षभर खपून आपला योद्धा अकराव्या पायरीवर आणला होता. तीन घाव मिळाले त्याच रात्री तिसऱ्या फाशावर एक पडला आणि तलवार दरीत गेली. सगळे हसले. तोही हसला. मग निजताना मला म्हणाला, "मामा, यापुढे मी एकच वार करीन. तीन मिळाले तरी एकच."

यंदा भाऊबीजेला मंडळी पुन्हा आमच्याकडेच बसणार आहेत. त्यांचा डंजन मास्टर माझाच जुना विद्यार्थी आहे. चकलीचे ताट पुढे करण्याआधी त्याला मी फळ्यापाशी उभा करणार आहे.