'गुडनाईट मून' आणि पंचवीस वर्षांचा नकार

'गुडनाईट मून' हे मार्गारेट वाइज ब्राऊनचं पुस्तक १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये निघालं. चित्रं क्लेमेंट हर्डची, किंमत पावणेदोन डॉलर, मजकूर जेमतेम १३० शब्द. (ऑफिसातल्या सुट्टीच्या अर्जाची मेल याहून मोठी असते.) गोष्ट काय, तर सशाचं एक पिल्लू हिरव्या खोलीत पलंगावर पडलंय आणि खोलीतल्या एकेका वस्तूचा झोपण्याआधी निरोप घेतोय कुणीतरी. झालं, एवढंच. खलनायक नाही, संकट नाही, बोध तर औषधालाही नाही.

हे पुस्तक न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने घेतलं नाही. तेही एकदोन वर्षं नव्हे, थेट १९७२ पर्यंत! २०२० मध्ये लायब्ररीला १२५ वर्षं झाली म्हणून आजवर सगळ्यात जास्त वेळा वाचायला नेलेल्या दहा पुस्तकांची यादी काढली होती. पहिलं आलं एझ्रा जॅक कीट्सचं 'द स्नोई डे', ४,८५,५८३ वेळा नेलेलं. 'गुडनाईट मून' दहात नव्हतंच. फक्त खाली त्याचा खास उल्लेख होता आणि ते १९७२ पर्यंत आमच्याकडे नव्हतं, अशी कबुलीही.

या नकारामागचं नाव म्हणजे ॲन कॅरोल मूर. इंटरनेटवर हल्ली तिला सरळ खडूस म्हातारी ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. बऱ्याच वाचनालयांत लहान मुलांना आतसुद्धा घेत नसत, त्या काळातली ही बाई. १९०६ पासून ती या लायब्ररीचा बालविभाग सांभाळत होती. मुलांच्या उंचीची टेबलं-खुर्च्या, गोष्टी सांगायचे तास, सही करून पुस्तक घरी नेण्याची मुभा, हे सगळं रुजवण्यात तिचा मोठा वाटा. १९४१ ला ती निवृत्त झाली, पण त्यानंतरही मीटिंगांना येऊन बसायची! तिचा शब्द खाली पडत नसे.

तिला मुलांसाठी हवी होती अद्भुताची दुनिया, म्हणजे परीकथा, लोककथा. ब्राऊन मात्र बँक स्ट्रीट नावाच्या शाळेच्या तालमीत तयार झालेली. तिथे ल्यूसी स्प्रेग मिचेल या बाईंचं म्हणणं असं, की दोन-तीन वर्षांच्या पोराला राजवाडा कशाला हवा? त्याला अजून कंगवा आणि वाटी हेच नवीन आहे. तिथली मंडळी लिहिलेलं मुलांना वाचून दाखवायची, कुठे चुळबूळ होते ते बघायची आणि मजकूर बदलायची. आमच्या भाषेत, युजर टेस्टिंग. लायब्ररीच्या अंतर्गत परीक्षणात मात्र हे पुस्तक असह्य भावुक ठरलं.

मला वाटतं, परीक्षण करणाऱ्यांनी रिक्वायरमेंटच चुकीची धरली. मोठ्या माणसाने एकट्याने, दिवसाउजेडी, टेबलाशी बसून वाचावं असं हे पुस्तकच नाही. तसं वाचलं तर ते पोकळ वाटणारच. रंग तर चक्क भडक आहेत, हिरव्या भिंती आणि लाल जमीन! पण मांडीवर एक पोर घेऊन वाचा. तुम्ही शब्द वाचता तोवर ते चित्र वाचत असतं. खोलीत एक उंदीर आहे, रंगीत पानावर दर वेळी नव्या जागी. तो त्याला तुमच्याआधी सापडतो. घड्याळ सातपासून आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत सरकतं, खिडकीत चंद्र वर येतो आणि खोली पानागणिक इतकी हळूहळू अंधारते की कळतच नाही. मध्येच एक पान चक्क कोरं आहे, तिथे जो कुणी नाही त्याचाही निरोप घेतला जातो. यात भावुक काय आहे, देव जाणे. मला तर ते पान जरा भीतीदायक वाटतं, आणि म्हणूनच आवडतं.

आपल्याकडेही पुस्तक हातात घेतलं की पहिला प्रश्न 'यातून मूल काय शिकणार?' हाच. त्यामुळे मूरबाईंना हसण्याचा फारसा हक्क आपल्याला नाही. असो.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्यांच्या खिशात पावणेदोन डॉलर होते त्यांना लायब्ररीच्या मताने काही फरक पडला नाही. त्यांनी दुकानातून आणलं. १९५३ च्या सुमाराला वर्षाला दीडेक हजार प्रती खपत होत्या, त्या १९७० पर्यंत वीस हजारांच्या घरात गेल्या, बहुधा एका आईने दुसरीला सांगून सांगून. नकार लागू पडला तो फक्त फुकटच्या कार्डावर पुस्तकं नेणाऱ्या घरांना. दुकानदाराची आवड चुकली तर दुसरं दुकान असतं, सार्वजनिक वाचनालयाची चुकली तर त्या पोराकडे दुसरं काही नसतं. आणि मूरबाई १९६१ मध्ये वारल्या, तरी पुढची अकरा वर्षं पुस्तक बाहेरच! एकदा 'नको' ठरलेली गोष्ट परत उघडून बघायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. (जुना कोड सांभाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.)

ब्राऊनला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. ती १९५२ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षीच गेली.

गंमत म्हणजे, ग्रंथपालांची काळजी आधीच घेतली गेली होती. खोलीतल्या भिंतीवर चंद्रावरून उडी मारणाऱ्या गाईचं चित्र आहे. उगाच कुणाच्या भुवया उंचावायला नकोत म्हणून त्या गाईची आचळं मुद्दाम पुसट करून घेतली. एवढं करूनही पुस्तक लायब्ररीत गेलं नाही ते नाहीच.