विश्लेषण : मॅरेथॉनमध्ये सुरुवातीला वाचवलेला वेळ शेवटी महागात का पडतो?

पहाटेचा गारवा, ढोल-ताशे आणि आजूबाजूची गर्दी. मुंबई मॅरेथॉनच्या पहिल्या पाच किलोमीटरमध्ये अनेक हौशी धावपटू ठरवल्यापेक्षा वेगाने धावतात. त्यातलेच काही जण ३२ किलोमीटरनंतर चालताना दिसतात. दोष सरावाला दिला जातो; चुकलेले असते ते बहुतेकदा वेगाचे गणित.

स्प्लिट म्हणजे काय?
एकूण अंतराच्या प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ म्हणजे स्प्लिट. ४२.१९५ किलोमीटर साडेचार तासांत पूर्ण करायचे, तर किलोमीटरला सरासरी ६ मिनिटे २४ सेकंद, म्हणजे पाच किलोमीटरला ३२ मिनिटे लागतात. १० किलोमीटर १ तास ४ मिनिटांत, ३० किलोमीटर ३ तास १२ मिनिटांत. ४० किलोमीटरनंतर हातात साधारण १४ मिनिटे उरतात.

आधी वेळ वाचवला, तर बिघडते काय?
पहिले १० किलोमीटर दर किलोमीटरला १० सेकंद वेगाने धावल्यास वाचतात जेमतेम १०० सेकंद. मात्र वेग वाढला की शरीर साठवलेले ग्लायकोजेन अधिक झपाट्याने वापरते. हा साठा मर्यादित असतो आणि अनेकांना ३० किलोमीटरच्या पुढे तो संपत आल्याचे जाणवते. त्यानंतरच्या १२ किलोमीटरमध्ये वेग मिनिटभराने जरी घसरला, तरी १२ मिनिटे जातात. शंभर सेकंदांसाठी बारा मिनिटांचा हा सौदा तोट्याचाच.

विक्रमवीर काय करतात?
केल्विन किप्टमने २०२३मध्ये शिकागोत २ तास ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा पहिला अर्धा टप्पा ६० मिनिटे ४८ सेकंदांचा होता आणि दुसरा ५९ मिनिटे ४७ सेकंदांचा. उत्तरार्ध वेगवान असला की त्याला निगेटिव्ह स्प्लिट म्हणतात. एलिउड किपचोगेने २०२२मध्ये बर्लिनला पूर्वार्ध ५९ मिनिटे ५१ सेकंदांत धावून विक्रम केला खरा. पण उत्तरार्धाला ६१ मिनिटे १८ सेकंद लागले.

मुंबईत हेच चालेल?
जसेच्या तसे नाही. पहाटे पाचच्या सुमारास निघालेला साडेचार तासांचा धावपटू ३० किलोमीटरवर पोहोचतो, तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. ऊन चढते, दमटपणा असतोच. पेडर रोडचा चढही वर्षानुवर्षे थकलेल्या पायांचा कस पाहत आला आहे. अशा ठिकाणी निगेटिव्ह स्प्लिटचा हट्ट हौशी धावपटूने धरू नये. दोन्ही अर्धांतला फरक तीन-चार मिनिटांत राखला, तरी ते मोठे यश. चढावर घड्याळ न पाहता श्वासाकडे लक्ष द्यावे. तिथे गेलेले सेकंद उतारावर थोडेफार भरून निघतात.

घड्याळावर किती विसंबावे?
मार्गाची मोजणी वळणांवरून जाणाऱ्या सर्वात कमी अंतराने होते. गर्दीतून वाट काढणारा धावपटू त्याहून जास्त धावतो. मनगटावरच्या घड्याळाने शेवटी ४२.६ किलोमीटर दाखवले, तर साडेचार तासांसाठी त्यावरचा वेग ६ मिनिटे २० सेकंदांचा हवा. त्यामुळे रस्त्यावरच्या किलोमीटरच्या फलकांशी वेळ ताडून पाहणे चांगले.

सर्वात मोठी चूक मात्र शर्यतीच्या आधीच होते. लक्ष्य सरावातल्या लांब पल्ल्याच्या धावांवरून ठरण्याऐवजी मित्राच्या वेळेवरून ठरते. उन्हात असे लक्ष्य रेटत राहिले, तर प्रश्न पदकाचा राहत नाही; उष्माघाताचा होतो. चक्कर, मळमळ किंवा गोंधळल्यासारखे वाटू लागले, तर लक्ष्य तिथेच सोडून थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये इतरांना पुढे जाऊ देणे जमले, तर ती वेळ येण्याची शक्यता बरीच कमी होते.