तुमचा रॅम्बो खरं तर टीझल आहे

आमच्या गावच्या चौकात एक फ्लेक्स लागलाय. एका पोलीस अधिकाऱ्याचा गॉगलवाला फोटो, मागे आगीच्या ज्वाळा आणि वर मोठ्या अक्षरांत 'आमचा रॅम्बो'. खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट साइज मुंडक्यांची रांग. पराक्रम काय, तर तीन संशयितांना दोरीने बांधून भर बाजारातून धिंड काढली. संशयितांना म्हणतोय मी. अजून दोषारोपपत्रही दाखल नाही.

साहेबांशी माझं भांडण नाही. मला बोलायचंय त्या शब्दाबद्दल, कारण तो सपशेल उलटा वापरला जातोय. आणि फक्त आमच्या चौकात नाही. जिम लावणारा रॅम्बो, दादागिरी करणारा नगरसेवक रॅम्बो, कोठडीत पट्टा काढणारा फौजदार रॅम्बो. ज्यांनी मूळ सिनेमा पाहिलाय त्यांनी सांगावं, त्यात पट्टा कोण काढतं?

'फर्स्ट ब्लड'. १९८२ चा. दिग्दर्शक टेड कॉचेफ. सिल्व्हेस्टर स्टॅलोनचा पहिला रॅम्बो. आपल्या डोळ्यांसमोर जो रॅम्बो येतो, उघडाबंब, तेल लावलेला, हातात स्फोटक बाणांचं धनुष्य, तो १९८५ च्या दुसऱ्या भागातला. पहिल्या भागातला माणूस थंडीने कुडकुडणारा, अंगावर जुनं ताडपत्रीचं फडकं गुंडाळलेला, भुकेला आहे. हो, भुकेला. सगळं प्रकरण सुरू होतं ते जेवणावरून.

व्हिएतनामहून परतलेला जॉन रॅम्बो आपल्या तुकडीतल्या एका मित्राला भेटायला पायी जातो. मित्राच्या घरी कळतं की तो कॅन्सरने गेला. व्हिएतनामच्या जंगलावर अमेरिकेनेच फवारलेल्या 'एजंट ऑरेंज'ने. शत्रूच्या गोळीने नव्हे, स्वतःच्या सरकारच्या रसायनाने. सिनेमा हे दोन वाक्यांत सांगतो आणि पुढे सरकतो. तुकडीतला रॅम्बोखेरीजचा शेवटचा माणूसही गेला. आता तो एकटा पाठीवर पथारी टाकून रस्त्याने चाललाय, आणि समोर एक छोटं गाव आहे. नाव होप. म्हणजे आशा! (शूटिंग कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या याच नावाच्या गावात झालं. सिनेमात ते अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात दाखवलंय.)

तिथे त्याला शेरीफ टीझल भेटतो. ब्रायन डेनेहीने ही भूमिका काय केलीय राव! ओरडत नाही, डोळे वटारत नाही. हसतमुख, गावात सगळ्यांना नावाने हाक मारणारा, गाव स्वच्छ ठेवायचा मला पगार मिळतो असं मानणारा माणूस. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी असे चार तरी असतात आणि लोकांना ते आवडतातही. टीझल रॅम्बोचे केस बघतो, जॅकेट बघतो, आणि जॅकेटवरचा अमेरिकेचा झेंडा बघून सांगतो की असल्या अवतारात हा झेंडा लावून फिरशील तर अडचणीत येशील. ज्या माणसाने त्या झेंड्यासाठी छळ सोसला, त्याला! मग 'लिफ्ट' देतो म्हणून गाडीत बसवतो आणि गावाबाहेर पुलापलीकडे सोडून येतो. रॅम्बो विचारतो, इथे जेवायला कुठे मिळेल? टीझल तीस मैलांवरचं हॉटेल सांगतो. गावात जेवायला कुठल्या कायद्याने बंदी आहे, असं विचारल्यावर उत्तराचा मतलब एवढाच, की कायदा म्हणजे मी.

रॅम्बो उलटा वळून गावाकडे चालायला लागतो. बस. गुन्हा एवढाच. चालला.

अटक. कारण? भटकेगिरी. मग अटकेला विरोध. मग लपवलेलं शस्त्र, म्हणजे त्याच्याजवळचा सुरा. आधी माणूस पकडायचा आणि मग कलम शोधायचं, हा क्रम पोलीस ठाण्याच्या बातम्या करणाऱ्या कुणालाही नवीन नाही. कोठडीत गॉल्ट नावाचा हवालदार दंडुक्याने मारतो, अंगावर पाण्याचा फवारा सोडतो, आणि कोरडी दाढी करण्यासाठी वस्तरा पुढे येतो तेव्हा रॅम्बोला युद्धकैदेतला छळ आठवतो. तिथे तो उसळतो. सगळ्यांना आडवं करून, मोटारसायकल हिसकावून डोंगरात पळतो.

आता इथून माणसाची शिकार. डोबरमन कुत्री, रायफली, हेलिकॉप्टर. कड्याला लोंबकळणाऱ्या निःशस्त्र माणसावर गॉल्ट हेलिकॉप्टरमधून गोळ्या झाडतो, वरिष्ठाच्या सूचनेविरुद्ध. रॅम्बो खाली झाडांत उडी मारतो, जखमी होतो, आणि बचावासाठी एक दगड भिरकावतो. हेलिकॉप्टर हेलकावतं आणि पट्टा न बांधलेला गॉल्ट खाली पडतो. पूर्ण सिनेमात पडद्यावर उघड मेलेला माणूस हा एकच. पुन्हा वाचा, एकच. त्यानंतर रॅम्बो हात वर करून समोर येतो, मी काही केलेलं नाही म्हणतो, आणि उत्तर म्हणून गोळ्या येतात. पुढे अंधाऱ्या जंगलात तो एकेका पोलिसाला जायबंदी करतो पण मारत नाही. टीझलच्या गळ्याला सुरा लावतो आणि सोडून देतो. विषय सोड, एवढंच सांगतो.

टीझल सोडत नाही. कारण आता प्रश्न गुन्ह्याचा नाही, अपमानाचा आहे. तोवर वायरलेसवर कळलेलं असतं की हा सैन्याच्या खास तुकडीतला, सर्वोच्च शौर्यपदक मिळालेला जवान आहे. राज्य पोलीस येईपर्यंत थांबायलाही टीझल तयार नसतो. नंतर कोठडीतल्या मारहाणीचा विषय निघतो तेव्हा त्याचं म्हणणं असं, की माझ्या माणसाने चूक केली असेल तर कैद्याने तक्रार घेऊन माझ्याकडे यावं, मी बघून घेईन. हे वाक्य मराठीत मी बऱ्याच केबिनमध्ये ऐकलंय. चहा समोर ठेवून ऐकलंय.

तर मंडळी, फ्लेक्सवर ज्याचा फोटो आहे तो या गोष्टीत कोण? रॅम्बो तो आहे ज्याला दोरी बांधली. दोरी बांधणारा टीझल. धिंडीचा व्हिडिओ काढणारे कोण, तेही सिनेमात आहेत. नॅशनल गार्डचे हौशी जवान येतात, एरवी दुकानं सांभाळणारी माणसं. खाणीत लपलेल्या एका माणसावर रॉकेट डागतात, जिवंत पकडायचं ठरलेलं असताना. आणि मग त्या ढिगाऱ्यासमोर उभे राहून फोटो काढून घेतात. १९८२ साली! सेल्फी हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधी.

काहीजण म्हणतील, पत्रकारसाहेब, सिनेमा आहे, सोडा. सोडलं असतं. पण सिनेमातलं ते भटकेगिरीचं कलम हवेतलं नाही, आणि ते फक्त अमेरिकेचंही नाही.

अमेरिकेत असे कायदे गावोगाव होते. कामाधंद्याशिवाय इकडून तिकडे फिरणारा माणूस, एवढं कारण अटकेला पुरे. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये दोन काळे पुरुष आणि दोन गोऱ्या बायका एका गाडीतून चालल्या होत्या, त्यांनाही याच कायद्याखाली धरलं होतं. ते आणि तशी आणखी काही प्रकरणं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९७२ साली न्यायालयाने तो कायदा रद्द केला. कारण दिलं की कायदा इतका मोघम आहे की कुणाला पकडायचं हे सगळं पोलिसाच्या मर्जीवर राहतं. गंमत म्हणजे डेव्हिड मॉरेलची मूळ कादंबरी 'फर्स्ट ब्लड' आली तीही १९७२ सालीच. म्हणजे सिनेमातला टीझल ज्या कारणावरून माणूस आत टाकतो, त्या कारणाचा पाया देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षं आधीच उखडलेला होता. पण पुलावर न्यायालय नसतं. पुलावर टीझल असतो.

आता आपल्याकडे या. मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, १९५९. त्यात भीक मागण्याची व्याख्या फक्त हात पसरण्यापुरती नाही. उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही आणि सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतोय की भिकेवरच जगत असावा असं वाटतं, एवढंही पुरे. वॉरंटशिवाय अटक. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. हाच कायदा दिल्लीलाही लागू केलेला होता. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. दिल्लीपुरत्या. रॅम्बो होपऐवजी आपल्या एखाद्या एसटी स्टँडवर पथारी पसरून बसला असता तर टीझलला कलम शोधायला फार वेळ लागला नसता.

आणि ज्यांना पथारीसुद्धा लागत नाही, जन्म पुरतो, त्यांचं काय? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, स्वतंत्र भारताने तो १९५२ साली रद्द केला. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन साजरा होतो, भाषणं होतात. आणि चोरी झाली की आजही आधी गाडी जाते ती पारध्यांच्या पालावर. दुसऱ्या दिवशी प्रेसनोट येते, 'संशयास्पदरीत्या फिरताना आढळून आला'. या चार शब्दांवर आमच्या धंद्यात अर्धं पान भरतं. काय संशयास्पद होतं, कुणाला संशय आला, फिरणं गुन्हा कधीपासून झालं, हे विचारणारा वार्ताहर विरळा. जोडीला 'अंधाराचा फायदा घेऊन'. बिचाऱ्या अंधाराचा फायदा सगळ्यांत जास्त प्रेसनोट लिहिणाऱ्यानेच घेतलाय.

इथे सिनेमालाही एक टोला द्यायला हवा. तो आपली सहानुभूती मिळवतो ती शौर्यपदक दाखवून. हा साधासुधा भटका नाही बरं का, देशासाठी लढलेला आहे, असं कळलं की थिएटर त्याच्या बाजूला. पण पदक नसतं तर? खरोखरच बेघर, बेकार, थोडा पिणारा, कुणाचाच कुणी नसलेला माणूस असता तर तो पाण्याचा फवारा योग्य ठरला असता का? अन्याय पुलावरच पूर्ण झाला होता, पदकाची माहिती खूप नंतर आली. आपल्याकडेही हेच होतं. पोलिसांनी 'चुकून' एखाद्या इंजिनिअरला मारलं की बातमी, मोर्चा, निलंबन. पालावरच्याला मारलं तर पान सातवर सिंगल कॉलम, तोही जागा उरली तर.

शब्द उलटा कसा फिरला त्याचीही कथा आहे. कादंबरीत रॅम्बो शेवटी मरतो. सिनेमातही त्याच्या मरणाचा शेवट शूट झाला होता, प्रेक्षकांना पचला नाही म्हणून बदलला. जिवंत ठेवला म्हणून दुसरा भाग निघाला, आणि दुसऱ्या भागात सरकारनेच वापरून टाकलेला माणूस पुन्हा सरकारी कामगिरीवर व्हिएतनामला गेला. रेगनसाहेबांनी १९८५ साली ओलीस सुटल्यानंतर विनोद केला की काल रॅम्बो पाहिला, पुढच्या वेळी काय करायचं ते कळलं. ज्या पात्राने पहिल्या भागाच्या शेवटी ढसाढसा रडत सांगितलं होतं की तिकडे लाखमोलाची यंत्रं माझ्या हाती देत होते आणि इकडे गाड्या पार्किंगला लावायची नोकरी टिकत नाही, त्याचं तीन वर्षांत राष्ट्राध्यक्षांच्या विनोदात रूपांतर. आपल्या फ्लेक्सवाल्यांना तरी काय बोलणार. (त्यात मॉरेलला हे नाव सुचलं म्हणे बायकोने आणलेल्या सफरचंदाच्या जातीवरून. सफरचंद!)

एक मुद्दा गंभीरपणे. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मेली. त्यावरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली नियम घालून दिले. चकमकीत मृत्यू झाला की गुन्हा नोंदवा, स्वतंत्र तपास करा, दंडाधिकारी चौकशी करा. आणि घटनेनंतर लगेच संबंधित अधिकाऱ्याला झटपट बढती किंवा शौर्यपुरस्कार देऊ नका. न्यायालयाला हे लिहावं लागलं, कारण हार आधी पडत होते आणि चौकशी नंतर, किंवा कधीच नाही.

सिनेमात एक तरुण पोलीस आहे, मिच. डेव्हिड कारुसोने केलाय. कोठडीत रॅम्बोच्या अंगावरचे व्रण बघून तोच चपापतो. त्याला कळतं की काहीतरी चुकतंय, तो तसं बोलतोही. आणि मग रायफल उचलून सगळ्यांबरोबर डोंगरात जातो. मला रात्री अकरा वाजता 'नाव टाकू नका साहेब, पण' म्हणून फोन करणारे दोन-तीन मिच आहेत. त्यांच्याबद्दल काय लिहावं ते मला अजून कळत नाही.

कमेंटमध्ये 'गुन्हेगारांची आरती ओवाळायची का' असं येणार, माहितीय. त्यांच्यासाठी छोटा गृहपाठ. 'फर्स्ट ब्लड'ची पहिली पंधरा-वीस मिनिटं बघा आणि रॅम्बोने पुलावर नेमका कोणता गुन्हा केला ते कलमासकट खाली लिहा. फक्त 'संशयास्पदरीत्या फिरत होता' असं लिहू नका.