मार्चचा एक रकाना आम्हाला पुरणार नाही

२०२४च्या डिसेंबरात आमच्या भागातल्या एका वाचक मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावरून यादी आली. 'नव्या वर्षाचा वाचनसंकल्प. बारा महिने, बारा विषय, बारा पुस्तकं.' दर महिन्याला ठरलेल्या विषयावरचं पुस्तक वाचायचं, मुखपृष्ठाचा फोटो गटावर टाकायचा आणि बाराही पूर्ण करणाऱ्याला वर्षअखेर सत्कार. कल्पना मला आवडली. बेलवलीतल्या आम्ही सहाजणी दर रविवारी दुपारी एकीच्या घरी बसतो. म्हटलं, आपणही घेऊ या संकल्प.

आम्ही कशा बसायला लागलो ते आधी सांगते. २०२४च्या ऑगस्टमध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची बातमी फुटली आणि २० तारखेला लोक रुळांवर उतरले. दिवसभर गाड्या बंद होत्या. त्या संध्याकाळी आमच्या आळीतल्या बायका ओट्यावर जमल्या. पॉक्सो, पॉक्सो असं सगळ्या म्हणत होत्या, पण त्या कायद्यात काय लिहिलंय हे एकीलाही सांगता येईना. मलाही नाही, आणि मी स्वतःला कार्यकर्ती म्हणवते! लाज वाटली. तेव्हापासून वाचायला बसतो. आमच्यातली एक मुंबईला नोकरीला जाते, एक बालवाडीत शिकवते, एक उल्हासनगरच्या जीन्सचे दोरे घरी बसून कापते, एक दोन घरी स्वयंपाक करते, एक 'काहीच करत नाही', म्हणजे सात माणसांचं घर सांभाळते, आणि सहावी मी.

तर ती यादी आम्ही मोठ्याने वाचली. जानेवारी : थोर पुरुषाचं चरित्र. फेब्रुवारी : ज्ञानपीठ मिळालेल्या मराठी लेखकाचं पुस्तक. मार्च : स्त्री लेखिका. एप्रिल : दलित साहित्य. मे : प्रवासवर्णन. जून : एका बैठकीत संपवलेलं पुस्तक. पुढे युद्ध, विज्ञान, चित्रपट निघालेली कादंबरी वगैरे. खाली नियम होते. त्यातला तिसरा : 'फक्त स्वतः वाचलेलं धरलं जाईल, ऐकलेलं नाही.'

'बरी आहे की,' बालवाडीवाली म्हणाली. 'आपल्यालाही एक महिना दिलाय.'

तिच्या या 'दिलाय'वरून मी विचार करू लागले. बारापैकी एक महिना आपल्याला, तोही आठ मार्चच्या तोंडाने. उरलेले अकरा कुणाचे? त्यांच्यावर 'पुरुष लेखक' असं कुणी लिहिलेलं नाही, कारण तसं लिहावं लागत नाही. लेखक म्हटला की तो पुरुषच, आणि बाई असेल तर ती 'स्त्री लेखिका'. फेब्रुवारीचा रकाना बघा. मराठीला ज्ञानपीठ मिळालं ते १९७४ साली वि. स. खांडेकर, १९८७ साली कुसुमाग्रज, २००३ साली विंदा करंदीकर आणि २०१४ साली भालचंद्र नेमाडे यांना. चौघेही पुरुष. रकान्यावर 'लेखक' लिहिलं काय आणि 'पुरुष' लिहिलं काय, निवड आधीच झालेली आहे. साहित्य संमेलनाचंही तेच. २०२५ साली दिल्लीला ९८वं संमेलन झालं, तारा भवाळकर अध्यक्ष झाल्या. त्या अध्यक्षपदावर बसलेल्या सहाव्या स्त्री!

आणि मुक्ता साळवेला कुठे बसवायचं? फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजातली ही मुलगी. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिला मार्चमध्ये घ्यायचं की एप्रिलमध्ये? यादी करणाऱ्यांच्या मते बाई म्हणजे सवर्ण बाई आणि दलित म्हणजे दलित पुरुष. दोन्हीच्या मधे जी उभी आहे तिला रकानाच नाही. पाहुण्यांनी बक्षीस म्हणून खाऊ दिला तेव्हा या मुक्ताने खाऊ नको, ग्रंथालय द्या असं म्हटलं, असं सांगितलं जातं. पावणेदोनशे वर्षं होत आली या मागणीला. आपण अजून एका महिन्याच्या खाऊवर खूश होतोय.

असे संकल्प काही आपल्याकडेच निघालेले नाहीत. गुडरीड्स या संकेतस्थळाने २०११ साली वर्षाला किती पुस्तकं वाचणार याची पैज सुरू केली, ती आकड्यांची. बुक रायट या दुसऱ्या संकेतस्थळाने २०१५ पासून 'रीड हार्डर' म्हणून चोवीस विषयांचा संकल्प काढला. त्यामागचा विचार चांगला होता : वाचकाने आपल्या ओळखीच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकावं, जे लेखक नजरेआड राहतात त्यांना शोधावं. विषय ठरवून वाचण्याचा खरा उपयोग हाच आहे. पण आपल्याकडची यादी आधीच सर्वांना ठाऊक असलेल्या नावांकडेच बोट दाखवते. मग त्यात संकल्प कसला?

'नावाजलेलं तेच वाचा' या हुकमाने काय होतं त्याचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. नंतर ते जवळजवळ विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं तेव्हा ते आपल्या पिढ्यांच्या हाती आलं. मधली नव्वदहून अधिक वर्षं कुठल्याच यादीत ते असू शकत नव्हतं. यादीत नाही म्हणून वाचलं जात नाही, वाचलं जात नाही म्हणून यादीत नाही, असं हे चक्र चालतं.

आता जूनचा रकाना : एका बैठकीत संपवलेलं पुस्तक. हे ऐकून सात माणसांचं घर सांभाळणाऱ्या वहिनी हसल्या. 'बैठक म्हणजे किती वेळ हो?' त्यांना एका जागी सलग बसता येतं ते आजारी पडल्यावर. नोकरी करणारीला सकाळच्या लोकलमध्ये दीड तास मिळतो म्हणावं, तर बदलापूरला बायकांच्या डब्यात चढून बघा! दांडीला धरलेल्या हातात पुस्तक कसं धरायचं? परतीला बसायला मिळालं तर मांडीवर शेंगा असतात, घेवड्याच्या.

केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. यात मुलाबाळांचं आणि आजाऱ्याचं बघणं धरलेलं नाही, ते वेगळं. फरक २०१ मिनिटांचा. आम्ही रविवारी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. तासाला फक्त वीस पानं वाचली तरी या मिनिटांत रोज ६७ पानं होतात. म्हणजे दोनशे पानांचं पुस्तक तीन दिवसांत, आणि वर्षाला जवळपास १२० पुस्तकं. मैत्रिणींनो, 'बायका वाचत नाहीत, नुसत्या मालिका बघतात' असं पुन्हा कुणी म्हणालं तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. आमची १२० पुस्तकं दर वर्षी भांड्यांत, पोळ्यांत आणि धुण्यात बुडतात. सत्कार करायचाच तर ज्याचं ताट कुणीतरी उचलत होतं म्हणून त्याची बारा पुस्तकं पूर्ण झाली त्याचा करायचा, की ताट उचलणारीचा?

हे लिहिताना एका गोष्टीची कबुली द्यायला हवी. तिसऱ्या नियमावरून आमच्यात भांडण झालं आणि चुकीच्या बाजूला मी होते. दोरे कापणाऱ्या मावशींना अक्षरओळख नाही. त्या रविवारी येतात, हातातलं काम चालू ठेवतात आणि आम्ही वाचतो ते ऐकतात. मी म्हटलं, 'मावशी, तुम्ही जरूर ऐका, पण मोजताना आपण पाचच धरू. नियम आहे.' मावशी काही बोलल्या नाहीत. पुढचे दोन रविवार त्या आल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. जीन्सच्या ढिगाऱ्यामागून त्या म्हणाल्या, 'बेबीताईंच्या पुस्तकातली ती सासुरवाशीण मला पाठ आहे. तुम्हाला आहे का?' मला नव्हती. मी वाचून पुस्तक मिटलं होतं.

आपल्या आज्या-पणज्यांनी श्रावणात पोथी ऐकली, ओव्या ऐकून पाठ केल्या आणि त्यात आपलं घातलं. त्यांना अशिक्षित म्हणायचं आणि अक्षर न येणं हा त्यांचा दोष ठरवायचा? ज्यांनी त्यांच्या हातात पाटी येऊ दिली नाही त्यांनीच पुढे 'ऐकलेलं धरणार नाही' हा नियम केला. रमाबाई रानडे यांनी १९१०च्या आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की नवरा शिकवत असताना घरातल्या बायकाच त्यांना टोमणे मारत होत्या. शिकणाऱ्या बाईची वाट अडवायला नेहमी पुरुषच लागतो असं नाही. मीही तेच करत होते, नियमपुस्तिका हातात घेऊन.

मग आम्ही ती यादी बाजूला ठेवली आणि आपली केली. जानेवारीत, सावित्रीबाईंच्या जयंतीच्या महिन्यात, लपवून लिहिलेलं पुस्तक : बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. फलटणला दुकानात बसून त्यांनी ते लिहिलं आणि वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. फेब्रुवारीत हरवून सापडलेलं पुस्तक, म्हणजे ताराबाई. मार्च मात्र आम्ही पुरुषांना दिला! त्यात र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'मधले लेख वाचले. एप्रिलमध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं १९८९ सालचं 'आम्हीही इतिहास घडवला', म्हणजे आंबेडकरी चळवळीतल्या बायका त्यांच्याच तोंडून. मे महिन्यात न छापलेलं, म्हणजे घरातल्या म्हातारीकडून ऐकून उतरवून घेतलेल्या ओव्या. त्या महिन्यात सगळ्यांत जास्त 'वाचन' मावशींचं झालं. जूनमध्ये एका बैठकीत न संपणारं. जुलैमध्ये सही करण्याआधी न वाचलेला कागद. स्वयंपाकाला जाणाऱ्या आमच्या मैत्रिणीने गटकर्जाचा करार आणला. आठवड्याचा हप्ता तिला तोंडपाठ होता, पण हप्ता चुकला तर काय हे तिने पहिल्यांदा त्या दिवशी ऐकलं.

ऑगस्टमध्ये एक कायदा. पॉक्सो, २०१२. चार रविवार लागले. कलम १९ : असा गुन्हा घडल्याचं माहीत असेल किंवा घडण्याची शंका असेल त्या कुणीही पोलिसांना कळवलंच पाहिजे. कलम २१ : न कळवणं हाच गुन्हा. कलम २४ : मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, ती उपनिरीक्षकाच्या खालची नसावी, अंगावर गणवेश नसावा, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मावशींनी कलमांचे आकडे पाठ केले. आज आमच्या आळीत कुणाला विचारायचं असेल तर ती बाई मावशींकडे जाते. हे वाचन कुठल्या रकान्यात बसतं?

सप्टेंबरपासून आमची गाडी अडखळली. गणपती आले, मग नवरात्र, मग दिवाळीचा फराळ. देवांचेही सगळे रकाने आमच्याच माथी! नोकरी करणारी मैत्रीण यायची थांबली. रविवारची दुपार घराबाहेर काढते म्हणून नवऱ्याने भांडण काढलं. आम्ही तिच्या घरी जाऊन आलो, पण ती अजून आलेली नाही. वर्षअखेर आमचे बारापैकी आठ झाले. मूळ यादीवाल्यांचा सत्कार झाला. बारा पूर्ण करणारे सगळे निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, वाचणारा माणूस मला आवडतोच. राग आहे तो मोजमापावर.

आम्हाला सांगितलं गेलं, 'वाचनात कशाला स्त्री-पुरुष आणता? पुस्तक पुस्तक असतं.' आम्ही आणलं नाही. मार्चचा रकाना तुम्हीच आखलात. आणि चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणाल्या, 'असले संकल्प म्हणजे मध्यमवर्गीय चाळा, आपले प्रश्न मोठे आहेत.' त्यांनाही माझं सांगणं आहे. ऑगस्टच्या त्या ओट्यावर आपण सगळ्याजणी संतापलेल्या होतो आणि एकीलाही कलम माहीत नव्हतं. वाचायला वेळ मिळणं हा पाण्याइतका आणि रेशनइतका हक्काचा प्रश्न आहे. मागायचा असतो, घ्यायचा असतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. याद्या करणाऱ्यांनी अकरा रकान्यांत बायकांना शोधावं. ऐकलेलं वाचन धरावं. ग्रंथालयांनी संध्याकाळच्या लोकलने परतणाऱ्या बायकांचं वेळापत्रक बघून दार उघडं ठेवावं. आणि घरोघरच्या पुरुषांनी त्या २०१ मिनिटांपैकी निदान साठ परत करावीत. उपकार म्हणून नाही, देणं म्हणून.

राहिलेले चार विषय आम्ही या वर्षी पुरे करणार आहोत. त्यातला एक आहे शेजारणीच्या भाषेतलं पुस्तक. उल्हासनगरची एक सिंधी मैत्रीण पोपटी हिरानंदानी यांचं आत्मचरित्र मूळ सिंधीतून वाचून, मराठीत सांगणार आहे. ऐकायला आम्ही सगळ्या असू, आणि ते वाचन म्हणून धरू.

तुम्ही आपापल्या गटात बारा विषय ठरवा आणि आम्हाला कळवा. किती पूर्ण झाले ते लिहिलं नाहीत तरी चालेल. कुठे अडलं आणि कुणी अडवलं, ते मात्र जरूर लिहा.