प्रसन्न मुद्रेची अपेक्षा

तोंडी परीक्षेच्या दिवशी आम्हां विद्यार्थ्यांची पहिली चौकशी एकच असते, ‘आत कोण बसलंय?’ अभ्यास किती झाला, हा प्रश्न त्यानंतरचा. वडीलधाऱ्यांना यात पोरकटपणा दिसतो. मानसशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला मात्र ही चौकशी अगदी रास्त वाटते.

एकाच्या मुद्रेवरचा भाव दुसऱ्याच्या मनात उतरतो, हे आपल्याला नवे नाही. भरतमुनींचा रसविचार नटाच्या अभिनयाने प्रेक्षकाच्या मनात काय जागे होते, याच प्रश्नाभोवती फिरतो. स्वीडनमधील उल्फ डिमबर्ग यांनी २००० साली सहकाऱ्यांसह याची प्रयोगशाळेत पडताळणी केली. त्यांनी लोकांना हसरे व रागीट चेहरे सेकंदाच्या शंभर भागांपैकी जेमतेम तीन भाग इतकाच वेळ दाखवले. काय दिसले हे पाहणाऱ्यांना उमगलेही नाही. पण हसऱ्या चेहऱ्याने त्यांच्या गालाचे आणि रागीट चेहऱ्याने भुवईचे स्नायू सूक्ष्मपणे हलले!

स्मरणाचेही तसेच. मनाची अवस्था जशी असेल तशाच आठवणी सहज वर येतात, असे गॉर्डन बॉवर यांनी १९८१ साली मांडले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, प्रथम हसऱ्या मुद्रेने पाहिलेल्या अनोळखी व्यक्ती रागीट मुद्रेच्या व्यक्तींपेक्षा पुढे अधिक चांगल्या ओळखल्या गेल्या. मग एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून बसलेल्या परीक्षकांसमोर पाठ असलेले उत्तर ओठांवरच अडले, तर नवल ते काय? भीतीने मन व्यापले की आठवायला लागणारे अवधानच उरत नाही.

रागीट मुद्रेइतकीच निर्विकार मुद्राही जाचक असते. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रयोगात बाळाशी खेळणाऱ्या आईने थोडा वेळ चेहरा अगदी निश्चल ठेवला. बाळाने हसून, हातवारे करून तिला बोलते करण्याचा प्रयत्न केला आणि अखेर तोंड फिरवले. वहीतून डोके वर न काढता तासभर मजकूर सांगत जाणारे व्याख्यान ऐकताना मला या बाळाची हटकून आठवण होते.

कोणी म्हणेल, मग प्राध्यापकांनी सदैव हसतच राहावे की काय? शिस्त नको? शिस्त जरूर हवी. पण तिला कपाळावरच्या आठीची गरज नसते. चुकीच्या उत्तराला ‘चूक’ म्हणतानाही मुद्रा सौम्य राहू शकते. आम्हांला गुणांची खैरात नको, शांतपणे आठवू देणारी नजर हवी.

आणि विद्यार्थिमित्रहो, हा व्यवहार दुतर्फी आहे. २०२० साली वर्ग घरोघरच्या पडद्यांवर गेले, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी कॅमेरे बंद ठेवले. कुणाकडे जागेची अडचण होती, कुणाकडे इंटरनेटची. पण अनेकांकडे निव्वळ आळस होता. काळ्या चौकटींकडे पाहून शिकवणाऱ्या शिक्षकांना काय वाटले असेल? आज वर्ग पुन्हा भरतात, तरी बाकाखालच्या मोबाईलकडे झुकलेली डोकी त्यांना काय वेगळे सांगतात? आपल्या जांभईचाही त्यांच्या मनावर परिणाम होतच असणार.

म्हणून माझी दोन्ही पक्षांना विनंती आहे. परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी क्षणभर विद्यार्थ्याकडे आपुलकीने पाहावे. आम्हीही तासाला मान वर करून बसावे. या सुधारणेला ना अनुदान लागते, ना विद्यापीठाचे परिपत्रक!